चैत्रातली खाडी

तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे पावणेदहा. त्रयोदशीची भरती पावणेदहाच्या सुमारास पुरी होणार, तेव्हा सातला घरातून निघायचं. तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं, हा हिशोब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. त्या पन्नास मिनिटांना सोयीसाठी पाऊण तास धरलं की हा गुणाकार तयार होतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चालतं. होडी काढणाऱ्याला हा हिशोब जितका कामाचा, तितकाच चिखलातली पाखरं बघणाऱ्यालाही.

माझी जागा नेरुळला आहे, करावे गावाच्या अंगाला, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे. ठाणे खाडीच्या पूर्वेचा हा काठ. समोर तिवरांची रांग, तिच्या पलीकडे खाडी, अलीकडे भरतीचं पाणी आत-बाहेर करणारा उथळ पाणथळ तुकडा. सकाळी ऊन पाठीवर येतं आणि समोरची पाखरं स्वच्छ उजेडात दिसतात. पश्चिम काठावरून बघणाऱ्यांना हे सुख संध्याकाळपर्यंत मिळत नाही. ओहोटीला इथे फारसं काही नसतं. सगळी मंडळी खाडीच्या उघड्या चिखलावर पांगलेली असतात, दुर्बिणीतून ठिपक्यांएवढी. पण पाणी चढायला लागलं की त्यांच्या पायाखालचा चिखल आक्रसत जातो आणि थवे उठून आत, या तुकड्याकडे यायला लागतात. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी धड चढत नाही, चिखलाचे काही पट्टे उघडेच राहतात आणि पाखरंही तिथेच रेंगाळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळं झाकतं, पण भरती भर दुपारी येते. त्रयोदशी-चतुर्दशी हा मधला मार्ग आहे: पाणी पुरेसं आणि ऊन सोसवेल असं.

बहुतेक लोक खाडीवर डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा छान असते, पाखरं भरपूर असतात, रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे असतात. मार्चमध्ये उकडायला लागलं की दुर्बिणी कपाटात जातात. माझ्या मते खरा हंगाम तिथून पुढे सुरू होतो. हिवाळाभर ही पाखरं इथे नुसती राहत असतात. फाल्गुन ते वैशाख या अडीच महिन्यांत ती निघायची तयारी करतात, आणि ती तयारी उघड्या डोळ्यांनी दिसते. एकाच जागी पुन्हापुन्हा जाणाऱ्याला ती जास्त दिसते, कारण आज काय बदललं हे कळायला आठ दिवसांपूर्वी काय होतं ते माहीत असावं लागतं.

पहिला बदल रंगाचा. जानेवारीत चिखल्या या छोट्या किनारपक्ष्यांचा थवा बघितला तर सगळे मातकट, वरून भुरे, पोटाशी पांढरे. वाळूतला लहान चिखल्या, ज्याला पुस्तकांत बरीच वर्षं ‘लेसर सँड प्लोव्हर’ म्हटलं गेलं, तो या गर्दीत ओळखू येण्यासारखं काहीच अंगावर बाळगत नाही. मार्चच्या अखेरीस त्याच्या छातीवर फिकट नारिंगी डाग उमटतो. आठवड्याने तो पसरतो. एप्रिलच्या मध्यावर नराची छाती पक्की वीटकरी, गळा पांढराशुभ्र आणि डोळ्यांवरून काळी पट्टी, असा तो ओळखू येणार नाही इतका बदललेला असतो. शेजारी त्याच जातीचा एखादा अजून अर्धाच रंगलेला असतो, एखादा मुळीच नाही. एकाच थव्यात सगळ्या पायऱ्या.

पीस हे वाढून झाल्यावर आपल्या नखासारखं निर्जीव होतं; त्यात नंतर रंग भरता येत नाही. म्हणून रंग बदलायचा तर जुनं पीस गाळून नवं उगवावं लागतं. डोकं, मान, छाती यांवरची पिसं एकेक करून बदलतात, आणि मोठी उड्डाणपिसं बहुतेक तशीच ठेवली जातात, कारण ती आता लागणार आहेत. हे पिसं घडवणं स्वस्त नाही. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचं बनलेलं असतं, आणि ती प्रथिनं याच चिखलातल्या किड्या-अळ्यांमधून येतात.

कुरवांचंही तेच. हिवाळ्यात डोळ्यांमागे नुसता एक काळा ठिपका मिरवणारे तपकिरी डोक्याचे कुरव मार्चमध्ये अख्खं डोकं चॉकलेटी करून घेतात. पिवळा धोबी तर या दिवसांत बघावाच. हिवाळ्यात हे सगळे धोबी मळकट हिरवट-पिवळे, एकमेकांसारखे. मार्च-एप्रिलमध्ये नरांची डोकी रंगतात आणि मग कळतं की काठावरच्या गवतात आपण ज्यांना एकच समजत होतो ते वेगवेगळ्या मुलुखांतले आहेत. राखाडी डोक्याचा, निळसर डोक्याचा, काळ्याभोर डोक्याचा. प्रत्येक रंगामागे आशिया-युरोपातलं वेगळं माहेर. चार महिने ते शेजारी शेजारी चरले आणि आता निघायच्या वेळी त्यांनी आपापली ओळख अंगावर घेतली.

इथून मी या जागेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. कोण कधी निघतो याची यादी ठेवली, तर ती हळूहळू आशियाच्या नकाशासारखी दिसायला लागते.

आधी बदकं जातात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग यांची संख्या शिमग्याच्या आसपासच घसरते. ती एका झेपेत घरी पोहोचत नाहीत. उत्तर भारतात थांबत, मग मध्य आशियात थांबत, वितळणाऱ्या बर्फाच्या मागोमाग टप्प्याटप्प्याने वर सरकतात. पळस-पांगाऱ्यावर कलकलाट करणाऱ्या भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, एप्रिलच्या मध्यापर्यंत असतात आणि मग अचानक नसतात. मध्य आशियाच्या गवताळ माळावर टोळ आणि नाकतोडे भरात यायच्या दिवसांशी त्यांची वीण जुळलेली असते.

गुढीपाडवा उलटला की लडाख-तिबेटकडचे निघायला लागतात. तपकिरी डोक्याचा कुरव त्सो मोरिरीसारख्या सरोवरांवर वीण करतो. लाल पायांचा टिलवाही लडाखच्या ओल्या कुरणांत घरटं करतो. आणि तो वीटकरी छातीचा चिखल्या. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून या जातीचे दोन भाग केले गेले, सैबेरियातला वेगळा आणि तिबेटचा वेगळा, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढणारे मुख्यतः तिबेटी. नेरुळहून लडाखच्या त्सो कर सरोवरापर्यंत सरळ रेषेत अंतर भरतं सोळाशे-सतराशे किलोमीटर. स्थलांतराच्या हिशोबात हे फार नाही. पण उंची बघा. जो पक्षी गेले आठ महिने समुद्रसपाटीवर, भरतीच्या रेषेवर पाय ओले करत फिरला, तो मे-जूनमध्ये साडेचार हजार मीटरवर अंडी उबवतो.

सगळ्यांत उशिरा निघणारे चिखलपक्षी टुंड्राकडचे. बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर आणि चिमणीएवढा लिटल स्टिंट हे दोघे सैबेरियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठाशी वीण करतात. कर्ल्यू सँडपायपरची तैमिर द्वीपकल्पातली घरं इथून सहा हजार किलोमीटरहून लांब आहेत. तिथे जूनपर्यंत बर्फ असतो. लवकर पोहोचून उपयोग नाही, खायला काही मिळणार नाही. उशीरही चालत नाही, कारण तिथला उन्हाळा दीड-दोन महिन्यांचा. म्हणून अक्षय तृतीयेच्या सुमारास, बाकी चिखल ओस पडत चाललेला असताना, हे अजून इथे खात असतात. कर्ल्यू सँडपायपर तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत गडद विटेच्या रंगाचा झालेला असतो. एवढा रंगलेला हा पक्षी आपल्याकडे वर्षातून फार थोडे दिवस बघायला मिळतो, आणि ते दिवस भर उन्हाळ्यातले, म्हणून तो फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

ही यादी काटेकोर नाही. एकाच जातीतले काही पंधरवडाभर आधी निघतात, काही रेंगाळतात. तरी दोन-तीन वर्षं नोंदी ठेवल्या की क्रम उमटतोच.

मग साहजिक प्रश्न पडतो. तैमिरमध्ये बर्फ वितळायला लागलं हे नेरुळच्या चिखलातल्या पाखराला कसं कळतं? कळत नाही. त्याला कळतं ते दिवसाचं लांबणं. मुंबईच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस जवळपास अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज मिनिटभरच वाढतो, आणि तेवढं पुरतं.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं कॅनडातल्या एडमंटनच्या विल्यम रोवन यांनी. १९२४ च्या हिवाळ्यात त्यांनी जुंको नावाच्या लहान चिमण्यांसारख्या पक्ष्यांना बाहेरच्या पिंजऱ्यांत ठेवलं. थंडी शून्याच्या कितीतरी खाली. काही पिंजऱ्यांत त्यांनी विजेचे दिवे लावून दिवस रोज थोडाथोडा लांबवला. थंडी तीच, पण दिव्यांखालच्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू झाला. त्यांचे जननअवयव भर हिवाळ्यात वाढले. ऊब नाही, अन्न नाही, फक्त उजेडाची लांबी. १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे छापलं.

पुढची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. हा उजेड पक्षी डोळ्यांनीच मोजतो असंही नाही. मायकेल मेनेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास घरचिमण्यांवर प्रयोग केले. दिसत नसलेल्या चिमण्याही दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देत होत्या. डोक्यावरची पिसं काढली तर प्रतिसाद वाढला. कातडीखाली काळी शाई सोडली तर घटला. म्हणजे उजेड कवटीतून आरपार जाऊन मेंदूच्या खोल भागातल्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि तिथेच मोजला जातो. शिवाय एबरहार्ड ग्विनर यांनी जर्मनीत वटवट्यांना वर्षानुवर्षं एकसारख्या लांबीच्या दिवसांत ठेवून दाखवलं की बाहेरून कसलीही खूण नसताना त्यांच्या अंगात वर्षाचं चक्र चालूच राहतं, फक्त ते बारा महिन्यांच्या हिशोबातून थोडं घसरतं. आत एक घड्याळ आहे आणि रोजचा सूर्य त्याचे काटे जुळवतो.

घड्याळाची वेळ झाली की भूक वाढते. हे या तुकड्यावर उभं राहून बघण्यासारखं आहे.

चिखलपक्ष्यांची खायची पद्धत दोन प्रकारची. चिखल्या धावतो, थबकतो, बघतो, टिपतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो नजरेने शिकार करतो. टिलवे, तुतवार, गॉडविट यांची चोच लांब आणि काम मुख्यतः स्पर्शाचं. मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच चिखलात खाली-वर चाललेली असते. या चोचीचं टोक निर्जीव चिमट्यासारखं नाही, ते आपल्या बोटाच्या टोकाइतकं जिवंत आहे. त्यात दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशीपुंजांची दाटी असते. नेदरलँडमध्ये १९९८ साली नॉट नावाच्या चिखलपक्ष्यावर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की तो ओल्या वाळूत पुरलेला शिंपला प्रत्यक्ष न शिवताही शोधतो. चोच खुपसली की वाळूच्या कणांमधल्या पाण्यात दाब निर्माण होतो. जवळ काही टणक असेल तर तो दाब वेगळा पसरतो, आणि तो फरक चोचीला जाणवतो. कोरड्या वाळूत हे जमत नाही. चिखल ओला असणं म्हणजे त्याच्यासाठी दिवा लागलेला असणं.

आपण ज्याला नुसता काळा चिखल म्हणतो त्यात गांडुळांसारखे समुद्री किडे असतात, तिसऱ्यांची पिल्लं असतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान खेकडे असतात, निवट्या असतात. कोरल पक्ष्याची लांब वाकडी चोच खेकड्याच्या बिळाच्या वळणात शिरते. आखूड चोचीच्या स्टिंटला वरच्या थरातलं बारीकसारीक मिळतं. कॅनडाच्या फ्रेझर नदीच्या मुखाशी अभ्यासकांना दिसलं की वेस्टर्न सँडपायपर हा चिमुकला पक्षी चिखलावरची सूक्ष्मजीवांची चिकट साय जिभेवरच्या बारीक केसांनी चाटून खातो. सगळ्यात वरचा तो चकाकणारा थरही जेवणाचाच होता, हे अगदी अलीकडे, २००८ मध्ये, पक्कं झालं.

एप्रिलमध्ये हेच पक्षी जास्त वेळ आणि जास्त भराभर खातात, आणि खाल्लेलं चरबी होऊन साठतं. चरबीच का? एक ग्रॅम चरबी साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देते, आणि साखर किंवा प्रथिनं साठवताना सोबत पाणी साठवावं लागतं तसं चरबीला लागत नाही. उडणाऱ्याला याहून हलकं इंधन नाही. पंचवीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा लिटल स्टिंट, म्हणजे एका छोट्या लिंबापेक्षाही हलका जीव, निघायच्या आधी आपलं वजन दीडपटीच्या घरात नेऊ शकतो. ही चरबी बाहेरून दिसते. पक्षी बाजूने बघायचा आणि पायांच्या मागचा, शेपटीखालचा भाग न्याहाळायचा. हिवाळ्यात तिथली रेषा सरळ किंवा थोडी आत गेलेली असते. एप्रिलअखेर ती खाली फुगते, गर्भार शेळीच्या पोटासारखी. अभ्यासकही अशा फुगवट्याला एक ते पाच असे गुण देऊन पक्षी न पकडता त्याची तयारी मोजतात. मी वहीत तेच करते. चार आणि पाच जास्त दिसायला लागले की पुढचा आठवडा चुकवायचा नाही.

शरीराच्या आत याहून मोठी उलथापालथ होते. अलास्कातून दक्षिणेकडे निघालेले काही बार-टेल्ड गॉडविट एका रडारच्या घुमटावर आदळून मेले होते. थियूनिस पियर्समा आणि रॉबर्ट गिल यांनी ते तपासले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या पक्ष्यांच्या वजनात ५५ टक्के नुसती चरबी निघाली, आणि पोट, आतडी, यकृत, मूत्रपिंड हे सगळे अवयव विलक्षण लहान झालेले आढळले. वाटेत जेवायचं नाही तर स्वयंपाकघर कशाला वाहून न्यायचं. मुक्कामी पोहोचल्यावर हे अवयव पुन्हा वाढतात. याच जातीच्या पाच महिन्यांच्या एका पिल्लाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. त्याच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र होतं म्हणून हे कळलं. आपल्या खाडीतले सगळेच असे एका दमात जाणारे नाहीत, बरेच जण टप्पे घेतात. पण वाटेतला टप्पा चांगला असेल की कोरडा पडलेला असेल हे इथून निघताना माहीत नसतं.

आता पुन्हा भरतीकडे. चिखल पाण्याखाली गेलेल्या त्या चार-पाच तासांत पाखरांना खाता येत नाही. मग ती काय करतात? एका पायावर उभी राहतात, चोच पिसांत खुपसतात, वाऱ्याकडे तोंड करतात आणि काहीच करत नाहीत. बघणाऱ्याला ही वेळ रिकामी वाटते, पण खाल्लेलं अंगी लागतं ते याच वेळात. बसायला उथळ, मोकळी, चहूकडे नजर जाईल अशी जागा हवी, आणि ती खाडीच्या जवळ हवी. अशी जागा मिळाली नाही तर थवा भरती उतरेपर्यंत हवेत फिरत राहतो आणि सकाळभर चिखलात कमावलेलं उडण्यात खर्च करतो. कुत्रं आलं, ड्रोन आला, फोटोसाठी कुणी दहा पावलं जास्त पुढे गेलं की पाचशे पाखरं एकदम उठतात. जानेवारीत हे कदाचित परवडत असेल. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा प्रत्येक ग्रॅमचा हिशोब सहा हजार किलोमीटरशी बांधलेला आहे, तेव्हा परवडत नाही. म्हणून मी बांधावर एकाच जागी बसते आणि पाणी त्यांना माझ्याकडे आणेल याची वाट बघते.

या मुद्द्यावर मला थोडं कळकळीने बोलायचं आहे. खाडीचं संरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिखल आणि तिवरं येतात. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. हे मोठं काम झालं. पण नेरुळचे भरतीचे तलाव, उरणच्या पाणथळी, जुनी मिठागरं या अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिल्या, आणि पाखरांच्या दिवसाचा अर्धा भाग तिथे जातो. जेवणाची जागा राखली आणि निजायची मोकळी सोडली. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या एका तलावात भरतीचं पाणी पुरेसं येईना, तो कोरडा पडत गेला, आणि शहराच्या रस्त्यांवर भरकटलेले, जखमी, मेलेले रोहित पक्षी सापडायला लागले. त्याच मे महिन्याच्या २० तारखेला रात्री घाटकोपरला उतरणीवरच्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. एका घटनेचा दुसरीशी थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही. पण दिवसातून दोनदा पाणी या पक्ष्यांना उठवतं, आणि उठलेल्या थव्याला उतरायला जागा हवी असते, एवढं इथे रोज दिसतं.

चिंता नुसती या खाडीपुरती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली धोक्यातल्या जातींची यादी सुधारली, तेव्हा कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लोव्हर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर या तिघांना ‘संकटप्रवण’ गटात घातलं. तिघेही मुंबईच्या चिखलावर येणारे. मी दरवर्षी वैशाखात ज्याच्या विटकरी छातीची वाट बघते, तो.

निघणं प्रत्यक्ष बघायचं असेल तर संध्याकाळी यावं. पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर अभ्यासकांनी चिखलपक्ष्यांची वसंतातली निघण्याची वेळ टिपून ठेवली. बहुतेक थवे सूर्यास्ताआधीच्या तासा-दोन तासांत, भरती चढत असताना निघाले. कारणं समजण्यासारखी आहेत. चिखल झाकला जातोय, पोट भरलंय, हवा थंड होतेय, पुढची रात्र ताऱ्यांची. लहानपणी आकाशाच्या कोणत्या बिंदूभोवती तारे फिरतात ते बघून काही पक्षी उत्तर दिशा ओळखायला शिकतात, आणि पृथ्वीचं चुंबकत्वही ते ओळखतात. हे चुंबकत्व डोळ्याच्या पडद्यातल्या एका प्रथिनामार्फत ‘दिसत’ असावं याला गेल्या काही वर्षांत बळ मिळालं आहे.

नेहमीचं उडणं आणि निघणं यांतला फरक थोड्या सवयीने ओळखता येतो. नेहमीचा थवा खाली, पाण्यालगत, वळणं घेत उडतो आणि पुन्हा बसतो. निघणाऱ्या थव्यात आधी बडबड वाढते. काही उठतात, घिरटी घालून परत बसतात, पुन्हा उठतात. आणि मग एक लहानसा गट, वीस-तीसांचा, वर चढायला लागतो आणि चढतच राहतो. गोळका विस्कटून रांग होते, रांगेचा बाण होतो. आवाज ऐकू येत राहतात, ठिपके दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ. दुर्बीण खाली घेतली की बांधावर आपण एकटेच असतो आणि मागे लोकलचा आवाज असतो.

हे असं प्रत्यक्ष दिसणं क्वचित. एरवी निघणं कळतं ते उशिरा. येणाऱ्याची नोंद सोपी असते: आज दिसला, काल नव्हता. जाणाऱ्याची शेवटची तारीख त्या दिवशी लिहिता येत नाही. मंगळवारी चार टिलवे होते, ते शेवटचे होते हे कळायला पुढचे तीन आठवडे रिकाम्या चिखलाकडे बघत बसावं लागतं. म्हणून मी ‘शून्य’ही लिहिते. ई-बर्डसारख्या ऑनलाइन नोंदवहीत लाखो लोकांच्या याद्या एकत्र येतात, आणि पक्ष्यांच्या जाण्याच्या तारखा सरकताहेत का हे शोधणाऱ्याला या शून्यांची गरज आकड्यांइतकीच असते. मे महिन्यात पश्चिम किनाऱ्यावर याद्या फार कमी भरल्या जातात. कुणाला उन्हात तासभर बसायची तयारी असेल, तर काम पडलेलं आहे.

रोहित पक्ष्यांचं गणित मात्र वेगळं. ते मेअखेरपर्यंत, काही जूनच्या पहिल्या पावसापर्यंतही असतात. त्यांची वीण दिवसाच्या लांबीपेक्षा पाण्यावर अवलंबून. कच्छच्या रणात पाऊस साचून उथळ सरोवर झालं तर तिथे चिखलाच्या बुटक्या मनोऱ्यांवर घरटी होतात, नाही साचलं तर नाही. सैबेरियाकडे निघालेला पक्षी पंचांग बघून निघतो. हे ढगांकडे बघून निघतात.

आणि सगळे जातही नाहीत. जूनमध्ये, पहिल्या सरीनंतर, खाडीवर गेलं तर चिखलावर पाच-दहा कोरल, काही चिखल्ये, एखादा टिलवा आरामात चरत असतो. अंगावर हिवाळ्याचाच भुरा रंग, पोट सपाट. ही बहुतेक गेल्या वर्षीची पिल्लं. पहिल्या वर्षी वीण करायचं वय नसतं, मग एवढा प्रवास कशाला, म्हणून ती पावसाळा इथेच काढतात. माझ्या वहीत त्यांच्यापुढे मी वेगळी खूण करते. त्यांच्या मागे, तिवरांच्या वर, आफ्रिकेहून समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या चातकाची ‘पियू-पियू’ ऐकू येते. आणि जुलै सरता सरता, एखाद्या त्रयोदशीला पावसाची उघडीप मिळाली, तर चिखलावर पुन्हा एखादा चिखल्या दिसतो, थकलेला, छातीवर वीटकरी रंगाचे चार ठिगळ उरलेला. लडाखहून परतलेला. जाऊन त्याला जेमतेम तीन महिने झालेले असतात.